मुक्या हाताची माती

गावाबद्दल एक गोष्ट विचारायला जावं तर माणूस दहा ऐकून येतो. त्यातल्या नऊ शिव्या असतात! मी आठ-दहा वर्षं हाच धंदा केला. वही काखेत, सायकल हातात, आणि ज्या घरी म्हातारं माणूस शिल्लक आहे त्या घरचा ओटा. वहीत मावलं ते वहीत गेलं. मावलं नाही ते डोक्यात साचत गेलं. डोकं आता भरलं आहे, म्हणून हे लिहून टाकतो.

मी उरकुडा. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी बैलांच्या मागं. लिहिताना शाळेत शिकवली तीच भाषा लिहितो, पण बोलणं ज्याचं त्याच्या तोंडचं ठेवलं आहे. त्याचं कारण पुढं येईल.

मी आमच्या गावचा पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी सोडायचं आणि किती, हे ठरवणारा. बाप पाणकर, आजा पाणकर. गावात सरपंचाशी भांडलं तर चालतं, पाणकराशी भांडलं तर धान वाळतं. म्हणून लोक तोंडावर मला 'उरकुडाजी' म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात ते ठाऊक आहे, लिहीत नाही.

वैनगंगा आमच्यापासून दोन कोस. पण आमचा भात पिकला तो तलावावर. त्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, बासष्ट 'हातां'त वाटलेला. एका घराचा एक हात. मृगाच्या आधी एक दिवस ठरतो. त्या दिवशी प्रत्येक घरानं आपापल्या हातावर माती टाकायची आणि धुमसानं ठोकायची. पाण्याचा नंबरही त्याच क्रमानं. कोणता हात कोणाचा, हे कागदावर कुठंच नाही. सगळं डोक्यात.

एकतिसाव्या आणि बत्तिसाव्याच्या मधे एक हात आहे, तो कोणत्याच घराचा नाही. त्याला मुका हात म्हणतात. तिथं साऱ्या गावानं एकेक टोपली माती टाकायची आणि टाकताना तोंडातून शब्द काढायचा नाही. काहून? ठाऊक नाही! मी बापाला विचारलं होतं. त्यानं कानाखाली दिली.

एका साली एका घरची नवी सून तिथं टोपली ओतता ओतता कशाला तरी हसली आणि जावेशी बोलली. मी तिच्या सासऱ्याचं पाणी आठ दिवस बंद ठेवलं. सासरा पाया पडायला आला. म्हणाला, "पोरगी नवीन हाये जी, तिले का मालूम?" मी म्हटलं, "आता झालं मालूम."

मग आणीबाणी उठली, आणि त्यानंतर दोन-तीन सालांत मोजणीवाले आले. पाळीवर गोटे गाडले, गोट्यांवर रंग मारला. नदीवर मोठं धरण होणार, गाव उठणार. कधी? कोणी म्हणे दहा वर्षांनी, कोणी म्हणे वीस. मी पाळीवर उभा राहून विचार केला. गाव उठलं की पाळ नाही. पाळ नाही तर माती नाही. मग मुका हात कोणाचा, हे विचारणारंही कोणी उरणार नाही!

त्या आठवड्यात अड्याळच्या बाजारातून दोनशे पानांची वही आणली. बासष्ट हात लिहायचे आणि त्रेसष्टावा कोणाचा ते शोधायचं, असं ठरवलं.

खरं सांगायचं तर माझा वहीम मालकावर होता. मालक म्हणजे जुन्या मालगुजाराचा नातू. मालगुजारी गेली, पण मालक हे नाव गेलं नाही. तलाव आपल्या आज्यानं बांधला, असं तो सांगतो. बांधला म्हणजे छत्रीखाली उभं राहून पाहिला! माती वाहिली गावानं. मुक्या हातात मालकाच्या आज्याचं काहीतरी काळंबेरं गाडलेलं आहे, अशी माझी खात्री होती.

* * *

पहिलंच भांडण चौदाव्या हातावर झालं.

शिवा आणि भिवा, सख्खे चुलत भाऊ. एका अंगणात मधे कुड घालून राहतात. वीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. मी ओट्यावर बसून विचारलं, "तुमच्या हातावर पयली माती कोणं टाकली?"

शिवा म्हणाला, "लिहा. लहानू."

कुडाच्या पलीकडून भिवा ओरडला, "लहानू कोण? फागू लिहा! फागूनं टाकली!"

"तुह्या फागूले गावात कोण ओयखते?"

"तुह्या लहानूले तं कुत्रं ओयखत नोयतं!"

शिवानं फावडं उचललं. भिवा कुड तोडून इकडं आला. मी वही छातीशी धरून दोघांच्या मधे. फावडं माझ्या डोक्यावरून गेलं, टोपी उडाली!

तेवढ्यात त्यांची म्हातारी काकू घरातून रांगत दाराशी आली. म्हणाली, "अरे मुर्द्याहो, तो एकच बुढा होय! घरात लहानू म्हणत, बाहेर फागू!"

शिवानं फावडं खाली ठेवलं. मी म्हटलं, मिटलं एकदाचं. पेन काढलं. तर शिवा म्हणतो, "मंग लहानू पयले लिहा."

"काहून पयले? फागू पयले!"

शेवटी एक नाव पानाच्या डाव्या कडेला लिहिलं, दुसरं उजव्या कडेला. मधे मोठी रेघ मारली. एका आज्याला उभं चिरलं, पण घर वाचलं!

* * *

माझं अक्षर म्हणजे कोंबड्यांनी उकरलेला उकिरडा. म्हणून पक्की वही मेश्राम गुरुजी लिहायचे. गुरुजी आमच्याच गावच्या बौद्ध मोहल्ल्यातले, बदली होऊन आमच्याच शाळेत आलेले. बासष्टांतले सतरा हात त्यांच्या मोहल्ल्याचे. माती सगळ्यांत जास्त त्यांच्याच लोकांनी वाहिली, आणि पाण्याचा नंबर सगळ्यांत शेवटी त्यांचाच लागायचा. हे मी लिहिलं आहे. माझ्या जातीचे लोक त्यावरून मला बोलले. बोलू दे.

एकदा मी गुरुजींना सांगितलं, "लिहा. फागूनं पाळीवरून कुदळ फेकली आन मालकाच्या माणसाले म्हणला, तुह्या बापाचा तलाव होय का बे?"

चार दिवसांनी पक्कं पान वाचायला घेतलं. त्यात होतं, 'फागूजींनी अन्यायाविरुद्ध निर्भीडपणे आवाज उठविला.'

मी पान टरकन फाडलं.

गुरुजी लाल झाले. "उरकुडाजी, रात्रभर बसून लिहिलंय! भावार्थ तोच आहे!"

"कुदळ भावार्थानं फेकली का, गुरुजी?"

 गुरुजी चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाईल आणि वही माझ्या गळ्यात राहील. मग म्हणाले, "ठीक. जसं सांगतील तसंच लिहितो. पण मग माझीही एक अट. कोणाचंही निघो, गाळायचं नाही. माझ्या घरचं निघालं तरी, मालकाचं निघालं तरी, तुमचं निघालं तरी."

मी म्हटलं, "मी कायले गाळीन? माह्या घरी लपवाले हायेच का!"

* * *

सरकारी कामात ही वही घुसली त्याचा किस्सा.

ग्रामसेवकानं मला घरांची यादी मागितली. मोजणीच्या ऑफिसात द्यायची होती. मी विचार केला, यादी तर तयार आहे! पाळीच्या क्रमानं सगळ्या हातांची नावं उतरवून दिली. पाणकराच्या हिशोबानं घर म्हणजे हात, आणि हाताला नाव ज्यानं पहिली माती टाकली त्याचं. त्याच्या पुढं कोण जन्मलं, कोण मेलं, त्याच्याशी तलावाला काय करायचं?

ग्रामसेवकानं न वाचता पुढं पाठवली.

दोन महिन्यांनी नोटिसा आल्या. गावाच्या कोतवालानं त्या वाटायला घेतल्या. सगळ्या मेलेल्या माणसांच्या नावानं! 'जातीने हजर राहावे, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.'

भागरथाबाईच्या हातात तिच्या आजेसासऱ्याची नोटीस पडली. तिनं कोतवालाला मसणाचा रस्ता दाखवला. "थो पाहा, बाभळीपाशी. उजव्या हातची तिसरी जागा. उठला तं दे त्याले!"

ठरल्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात मोजणीचे साहेब टेबल मांडून बसले. पुढं सारा गाव. साहेबांनी एकेक नाव पुकारलं. एकही हजर नाही. त्यांचं डोकं फिरलं. "यादी कोणी दिली?"

गाव माझ्याकडं पाहायला लागलं. मी पुढं गेलो.

"खोटी यादी देणं गुन्हा आहे, माहीत आहे का? आत टाकीन!"

"खोटी नाई, साहेब. माणसं मेलेली हायेत. नावं खरीच हायेत."

 साहेब आता पोलीस बोलावतात, असं मला वाटलं. गुरुजी धावत आले, त्यांनी हात, पाळ, माती, सगळं समजावून सांगितलं. नवी यादी तिथंच बसून झाली. मग साहेबांनी शेवटचा कागद उचलला. "आणि हा कोण? याचं वडिलांचं नाव का दिलं नाही?"

मी पाहिलं. नोटीस होती, 'श्री. मुका हात, राहणार सदर.' मागं आमच्या कोतवालाचा शेरा. 'सर्वत्र शोध घेतला. सदर इसम गावात मिळून आला नाही.'

* * *

त्यानंतर वही बदनाम झाली.

झालं असं, की ज्या म्हाताऱ्यांकडून मी लिहून आणलं, त्यांतले चार एका वर्षात गेले. ते ऐंशीच्या पुढचे होते, जाणारच होते! पण गावाला कोण समजावणार? सोमा बुढ्यानं सकाळी मला तीन हातांच्या गोष्टी सांगितल्या, दुपारी पेज पिऊन झोपला तो उठलाच नाही. त्या दिवसापासून लोक वहीला 'काळी वही' म्हणायला लागले.

मी गल्लीत शिरलो की दारं लागायची. एका घरी सून आडवी उभी राहिली. "वही बाहीर ठेवा जी, मंग या." मी म्हटलं, "वहीशिवाय येऊन का करू?" म्हणाली, "नोका येऊ."

पानठेल्यावर पोट्टे विचारायचे, "बुढा, आज कोणाची विकेट?" मला राग यायचा आणि भीतीही वाटायची. मुक्या हाताबद्दल काही ठाऊक असेल अशी पाच माणसं मी मोजून ठेवली होती. त्यांतली चार ती हीच! प्रत्येक जण म्हणायचा, "सांगतो गा, सांगतो, मृग जाऊ दे." मृग जायच्या आत तोच जायचा. उरली एक, सायत्रा बुढी. गुरुजींची आजी. ती कोणाला काही सांगत नव्हती. सख्ख्या नातवालाही नाही.

त्या साऱ्या वर्षात एकाच माणसानं मला आपण होऊन घरी बोलावलं. आमच्याच आळीतला एक घरजावई. रस्त्यात सायकल धरली, प्रेमानं ओट्यावर बसवलं. म्हणाला, "उरकुडाजी, माह्या सासऱ्याचा हात लिहला का?"

"नाव हाये, बाकी नाई अजून."

"मंग लिहून टाका नं! बसा, चहा घ्या. बुढ्याले मी आत्ता उठवतो!"

* * *

एक दिवस मालकानं बोलावणं पाठवलं.

मी त्यांच्या व्हरांड्यात पायरीशी बसायला गेलो, तर म्हणाले, "वर ये. खुर्चीत बस." सत्तर वर्षांचा होत आलो, त्या घरात खुर्ची कधी मिळाली नव्हती. तेव्हाच कळलं, काम वाकडं आहे.

मालक शिकलेला माणूस, आवाज चढवत नाही. म्हणाले, "नवीन गाव बसलं की चौकात दगड लावू. तलाव कोणी बांधला ते कोरू. माझ्या आजोबांचं नाव. खाली हवं तर सगळ्या गावाचंही."

"खाली काहून?"

"बरं, शेजारी. पण त्या मुक्या हाताचं वहीतून काढून टाक."

"काहून काढू? तुमाले मालूम हाये का त्याच्यातलं?"

"पुरतं नाही. आणि मला करूनही घ्यायचं नाही. तूही करून घेऊ नकोस. त्यात तुझंच भलं आहे."

मला चेव आला. म्हटलं, "आपल्या आज्याचं निघन म्हणून भेव वाटते का, मालक?"

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडं सरळ पाहिलं. "उरकुडा, माझे आजोबा त्या दिवशी गावात नव्हते."

मी विचारलं, "कोणत्या दिवशी?"

 मालक उठून आत गेले. माझा चहा तसाच राहिला. मी सायकल मारत निघालो ते छाती फुगवून. चोर सापडला असं वाटत होतं!

* * *

आता सायत्रा बुढी.

नव्वदीला टेकलेली. मोहल्ल्यात शेवटच्या घराच्या ओसरीत बाजेवर पडलेली असायची. पहिल्यांदा गेलो तर म्हणाली, "डोये दुखते." मी म्हटलं, "डोयाचं काम नाई, तोंडाचं हाये." म्हणाली, "तोंड बी दुखते."

दुसऱ्यांदा गेलो तर तिनं उशाचा पाण्याचा गडवा फेकून मारला. "तू पाणकर होय नं? मंग मले कायले पुसतं? तूच सांग!"

मी वही घेऊन पळालो. तिसऱ्यांदा जायची हिंमत झाली नाही. पावसाळा गेला, थंडी गेली. बुढी अन्न कमी करत चालली, असं गुरुजी सांगायचे. मी रोज सकाळी मोहल्ल्याकडून रडण्याचा आवाज येतो का, ते ऐकायचो. हे बरोबर नाही, पण मी ऐकायचो.

उन्हाळ्यात एक दिवस गुरुजी स्वतः आले. म्हणाले, "आजीनं बोलावलंय. दुपारी या. एकटेच या, म्हणाली. मलासुद्धा घराबाहेर पाठवलंय तिनं."

गेलो. बुढी उठून बसली होती. तिनं विचारलं, "तुह्या आज्याचं नाव का होतं?"

"झिंगर."

"हौ. झिंगर पाणकर." आणि ती थांबली. पाणी प्याली. मग एका दमात बोलली. जसं बोलली तसं लिहितो.

"तलावाचं पयलं साल होतं. पाणी आलं आन त्या जागी पाळ खचाले लागली. सारा गाव माती टाकून राह्यला होता. माह्यी सासू तेथं होती, तिच्या डोक्सावर टोपली होती. ठमी म्हणून माह्या सासऱ्याची बहीण, थे खाली उतरून पायानं माती दाबत होती. वरतून ढिगारा आला. थे कमरेपर्यंत गेली. हात वर केला तिनं. म्हने, काढा मले. लोक थांबले. वर पाणकर उभा होता. थो म्हने, काढाले गेले तं पाळ जाते. पाळ गेली तं गाव जाते. माती टाका."

मी म्हटलं, "आन?"

"आन टाकली. माह्या सासूनं बी टाकली. पाळ राह्यली."

 मी म्हटलं, "मंग नंतर काढलं नाई का तिले?"

"पाळ फोडून काढतेत का? मंग थो पाणकर म्हने, याचा शब्द कोणी काढाचा नाई. जो काढन त्याचं पाणी बंद."

 मी कसंबसं म्हटलं, "बाई, आमाले तं वाटत होतं का मान म्हणून तेथं गप रायतेत."

"कोणाचा मान?" तिनं विचारलं.

मी वहीचं पान उलटलं.

"आता लिह," बुढी म्हणाली.

मी पेन काढलं. टोपण उघडलं. पुन्हा लावलं. म्हटलं, "शाई संपली."

"मंग भरून आन," ती म्हणाली. "मी हावो अजून."

* * *

शाई भरायला मला अकरा दिवस लागले.

मालकाचं म्हणणं आता समजत होतं. खुर्ची काहून दिली तेही. गाव माझ्या आज्याला देव मानायचं. त्यानं पाळ राखली म्हणून गाव राहिलं, असं म्हणायचं. मीही तेच सांगत आलो होतो. लग्नात, मंडईच्या जत्रेत, जिथं चार माणसं ऐकायला बसली तिथं.

बायकोला सांगितलं. ती भाकर थापत होती. म्हणाली, "टाका चुलीत ते वही! कोणाले मालूम हाये? बुढी आज हाये, उद्या नाई."

मी चुलीपुढं बसलो. वही मांडीवर. जाळ चांगला होता. बायको म्हणाली, "टाका नं." मी बसून राहिलो. भाकर करपली, तेव्हा तिनंच मला उठवून बाहेर पाठवलं.

रस्त्यात गुरुजी भेटले. "आजीनं सांगितलं?"

"सांगतलं थोडंसं. समजलं नाई नीट."

"समजलं नाही, की लिहिलं नाही?"

मी म्हटलं, "ऊन भल्लं पडून राह्यलं, गुरुजी." आणि सायकलवर टांग टाकली. साखळी पडली होती. त्यांच्यासमोर वाकून ती बसवायला लागली. हात काळे झाले. ते उभेच होते. 

त्याच दुपारी लिहिलं. गुरुजींकडून नाही, माझ्या उकिरड्या अक्षरात. तीन ओळी.

* * *

मातीचा दिवस उजाडला. पुढच्या साली गाव उठवायचं काम सुरू होणार, असं पक्कं समजलं होतं. म्हणून पुण्या-नागपूरला नोकरीवर गेलेले लोकही आले होते. पाळीवर पाय ठेवायला जागा नाही. सायत्रा बुढीला बाजेसकट आणून मोहाच्या झाडाखाली ठेवलं होतं. मालक जन्मात पहिल्यांदा मातीला आले. छत्री लावून.

एकतीस हात झाले. मुक्या हातापाशी सारे थांबले. तिथं पहिली टोपली पाणकराची असते. त्याची पडल्याशिवाय दुसऱ्यानं टाकायची नाही.

मालक मोठ्यानं म्हणाले, "काय पाणकर? सापडला का मुका हात कोणाचा?"

लोक हसले. मालकांना वाटत होतं, मी मान खाली घालीन. मलाही तेच वाटत होतं.

टोपली खाली ठेवली. वही काढली. त्या जागेवर उभा राहून वाचायला लागलो, तसा माझा चुलतभाऊ ओरडला, "उरकुडा, तेथं बोलू नोको!"

मी वाचलं. "मुका हात ठमीचा. मेश्राम गुरुजींच्या आज्याची आत्या. जिवंत होती तेव्हा झिंगर पाणकरानं तिच्यावर माती टाकायला लावली आणि गावानं टाकली. इथं बोलायची बंदी त्यानंच घातली. झिंगर माझा आजा."

वही मिटली.

 चुलतभाऊ पुढं येऊन माझ्या कानाशी दात खात म्हणाला, "डोस्कं फिरलं का तुह्यं? घरचं काहून काढतं?" मालकांनी छत्री मिटली आणि पुन्हा उघडली. मोहल्ल्यातल्या बायका एका बाजूला उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यावर टोपल्या तशाच. झाडाखाली बुढीनं माझ्याकडं पाहिलं की नाही, ते मला त्या उन्हात दिसलं नाही.

सगळे माझ्या टोपलीची वाट पाहत होते.

मी टोपली उचलली. उराशी धरली. खाली पाहिलं. मागच्या साली ठोकलेली माती होती, तिला भेगा पडल्या होत्या. चाळीस वर्षं मी तिथं पहिली टोपली ओतली होती. आता हात पालथे होईनात. ओतली नाही तर पाळ कच्ची राहील. ओतली तर पाणकरच ओततो आहे, पुन्हा. टोपली जड होत गेली. माती काठावरून थोडी थोडी माझ्याच पायांवर सांडायला लागली.

माझ्या मागं रांगेत गुरुजी होते. त्यांच्या खांद्यावर टोपली होती. त्यांचा श्वास मला मानेवर लागत होता.



मग टोपली खांद्यावरून उतरवत गुरुजी त्या मुक्या जागेवरच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पुढे सरका, उरकुडाजी. मागे लोक उभे आहेत."